जुन्या इमारतीत स्कँडिनेव्हियन धाटणीचे निवांत घर कसे करावे

स्कँडिनेव्हियन धाटणीचे घर करायचे म्हटले की बहुतेक सल्ले एकाच वाटेने जातात: सगळ्या भिंती पांढऱ्याशुभ्र करा, करड्या रंगाचा सोफा आणा, फिकट लाकडाचे टेबल मांडा आणि खुर्चीवर मेंढीचे कातडे टाका. काँक्रीटच्या नव्या इमारतीत या सल्ल्याने फारसे बिघडत नाही. जुन्या इमारतीत मात्र बिघडते, कारण तिथली भिंत दगडाविटांची आणि चुन्यात बांधलेली असते, ती ओलावा शोषते आणि हळूहळू हवेत सोडते, आणि त्या भिंतीवर आपण काय चढवतो यावर पुढची अनेक वर्षे ते घर राहण्याजोगे राहील की नाही हे ठरते. म्हणून या लेखात सोफ्याबद्दल थोडे आणि भिंतींबद्दल बरेच आहे.

मुळात ही शैली पांढऱ्या रंगाची शैली नाही. लांबलचक हिवाळा, क्षितिजालगत राहणारा सूर्य आणि आसपास मिळणारे पाइन व बर्च यांचे लाकूड, एवढ्या सामग्रीत कुटुंबाने सुखाने राहावे म्हणून ती घडत गेली. स्वीडनमधील सुंडबॉर्न येथील कार्ल आणि कारिन लार्सन या कलावंत दांपत्याचे घर पाहावे. १८८८ मध्ये कारिनच्या वडिलांनी त्यांना दिलेले ते लहानसे जुने घर त्यांनी वर्षानुवर्षे थोडेथोडे वाढवत नेले. त्यात लाल आणि हिरव्या रंगांचे ठसठशीत लाकूडकाम आहे, कारिनने विणलेली कापडे आहेत आणि मुलांचा मुक्त वावर गृहीत धरलेला आहे. जुन्या वास्तूचा स्वभाव राखून तिच्यात उजेड आणि मोकळेपणा आणणे हा त्यातला खरा धडा आहे, आणि तोच इथे उपयोगी पडतो.

आधी काय राखायचे ते ठरवा

खोल्या रिकाम्या करणे, मोजमापे घेणे ही तयारी झालेली आहे असे मी धरून चालते. जुने दरवाजे, खिडक्यांच्या चौकटी, लाकडी जमीन आणि तुळया काढून टाकण्याचा निर्णय पहिल्या महिन्यात घेऊ नका. नंतर बसवलेले खोटे छत मात्र बेलाशक उतरवा. खोलीची मूळ उंची परत मिळाली की अर्धा उजेड तिथेच मिळतो. भिंत पाडायची असेल तर ती भार पेलणारी आहे का हे अभियंत्याकडून तपासून घ्या, आणि जुन्या रंगात शिसे किंवा जुन्या फरश्यांत व पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असेल तर नमुना तपासल्याशिवाय काहीही घासू, तोडू नका. घरात लहान मुले असतील तर या बाबतीत घाई अक्षम्य आहे.

भिंतीची ओल

आता मुख्य कामाकडे येऊ. मलाही याच टप्प्यावर सर्वात जास्त झगडावे लागले आणि बहुतेक वाईट सल्ला याच टप्प्यावर मिळतो.

प्रथम भिंतीवर काय आहे ते ओळखा. कोपऱ्यातला थोडा भाग खरवडून पाहा: चुन्याचा गिलावा खिळ्याने सहज ओरखडता येतो आणि त्याचा रंग पांढुरका किंवा पिवळसर असतो, तर सिमेंटचे प्लास्टर करडे आणि टणक असते. मग भिंतीवर पाण्याचे काही थेंब टाका. ते मुरले तर भिंत मोकळी आहे. तसेच ओघळले तर वर प्लास्टिक रंगाचा थर आहे आणि आतला ओलावा त्याच्यामागे अडकत आहे. रंगाला फुगे येणे, पोपडे सुटणे, जमिनीपासून कमरेपर्यंतच्या पट्ट्यात लोणा म्हणजे पांढरे क्षार फुटणे, ही सगळी त्या अडकलेल्या ओलाव्याची लक्षणे आहेत. अशा भिंतीवर ‘ओल रोखणारा’ रंग लावण्याचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो ऐकू नका. त्या रंगाने ओल थांबत नाही, ती फक्त वर किंवा शेजारच्या भिंतीत सरकते, आणि तिथे असलेली तुळईची टोके कुजवते.

ओलाव्याचे कारण बाहेर शोधावे लागते. गळकी पन्हळ, तुंबलेला उतरता पाइप, भिंतीतली जुनी नळी आणि वर्षानुवर्षे भर पडून उंचावलेली बाहेरची जमीन, ही नेहमीची कारणे आहेत. बाहेरच्या जमिनीची पातळी आतल्या जमिनीपेक्षा किमान १५० ते २०० मिलिमीटर खाली असायला हवी. ती तशी नसेल तर आत कितीही खर्च केला तरी तो वाया जातो. हातात धरायच्या विद्युत ओलमापकाचा आकडा दाखवून भिंतीत रसायन भरण्याची घाई कोणी करत असेल तर थांबा. ती यंत्रे मुळात लाकडासाठी केलेली आहेत, ती विजेची वाहकता मोजतात, आणि भिंतीत क्षार असले की कोरड्या भिंतीवरही मोठा आकडा दाखवतात.

कारण दूर झाल्यावर भिंतीला वेळ द्यावा लागतो. जाड भिंत सुकण्याचा ढोबळ हिशेब २५ मिलिमीटर जाडीला एक महिना असा धरतात, म्हणजे ३०० मिलिमीटरच्या भिंतीला जवळजवळ एक वर्ष. या काळात घरात राहायला हरकत नाही. सामान भिंतीपासून थोडे दूर ठेवा आणि खिडक्या उघडत राहा. पृष्ठभागावर येणारा लोणा कोरड्या ब्रशने झाडून ती भुकटी लगेच उचलून टाका. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात आणि काही आठवड्यांनी परत वर येतात, म्हणून तिथे ओले फडके लावूच नये.

प्लास्टिक रंगाचा थर वाफेच्या यंत्राने किंवा लेपासारख्या रंगनाशकाने मऊ करून खरवडून काढा. विजेच्या यंत्राने घासू नका. धूळ घरभर होते आणि खालचा गिलावाही जातो. जिथे सिमेंटचे प्लास्टर पोकळ वाजते तिथे ते काढून चुन्याच्या गिलाव्याने भरा: एक भाग चुना, अडीच ते तीन भाग चाळलेली टोकदार वाळू, पातळ थरांत, आणि प्रत्येक थर काही दिवस ओलसर राखून. तिथे सिमेंट किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस वापरू नका. सिमेंट भिंतीपेक्षा कठीण असते आणि कडांना भेगा पाडते. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम, ते ओलाव्याने मऊ पडते.

चुन्याचे हात

मुरवलेला चुना पाण्यात कालवून तो दुधाइतका पातळ होईपर्यंत ढवळा आणि बारीक जाळीतून गाळून घ्या. चुना निदान तीन महिने पाण्याखाली मुरलेला असावा. जितका जुना तितका चांगला. भिंतीवर पाण्याचा फवारा मारा. ती ओलसर असावी, पण तिच्यावर पाणी चमकता कामा नये. मग रुंद, राठ केसांच्या कुंचल्याने आडवेतिडवे हात मारत अगदी पातळ थर पसरा.

इथेच बहुतेक लोक चुकतात. पहिला हात दिल्यावर भिंतीवर काहीच दिसत नाही, कारण ओला चुना जवळजवळ पारदर्शक असतो, आणि मन म्हणते की मिश्रण दाट करावे. तो मोह आवरा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतो तेव्हा त्याला पांढरेपणा आणि ताकद येते. ही क्रिया थोड्या ओलाव्यात, सावकाश आणि पातळ थरातच नीट होते. दाट थर त्या दिवशी सुंदर दिसतो आणि महिन्याभरात त्याला बारीक भेगा पडून त्याचे कपचे निघतात. म्हणून चार ते पाच पातळ हात द्या, दोन हातांत २४ तासांचे अंतर ठेवा आणि प्रत्येक हातापूर्वी भिंत पुन्हा ओलसर करा. अंगावर ऊन येणारी भिंत पडदा लावून झाका, पंखा बंद ठेवा आणि तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली जाण्याची शक्यता असेल तर काम पुढे ढकला. झटपट वाळलेला चुना फक्त भुकटी बनून राहतो आणि पाठ टेकली की कपड्याला लागतो.

चुना तीव्र अल्कधर्मी असतो. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय बादलीचे झाकण उघडू नका. डोळ्यात उडाल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन तडक डॉक्टरांकडे जा. मुलांना त्या खोलीत काम पूर्ण वाळेपर्यंत येऊ देऊ नका.

रंगाविषयी माझे मत ठाम आहे: शुद्ध पांढरा नको. थेट ऊन न येणाऱ्या खोलीत तो निळसर करडा दिसतो आणि खोली दवाखान्यासारखी थंड वाटू लागते. चुन्यात पिवळी माती, गेरू किंवा तपकिरी माती अशी खनिज रंगद्रव्ये चिमूटभर मिसळा. ती चुन्याला टिकतात, बाकीचे बरेच रंग टिकत नाहीत. रंगद्रव्य आधी कोमट पाण्यात कालवा, चुन्याच्या वजनाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त घालू नका आणि सगळ्या हातांचे मिश्रण एकदमच करून ठेवा, कारण दुसऱ्यांदा तोच रंग जुळवणे फार अवघड जाते. ओले मिश्रण वाळल्यावर बरेच फिकट होते, तेव्हा भिंतीच्या एका चौरस मीटरवर नमुना लावून दोनतीन दिवसांनी, सकाळी आणि दिव्याच्या उजेडात, असा दोनदा पाहून मगच निर्णय घ्या.

मुलांचे हात लागणाऱ्या जिन्यात आणि येण्याजाण्याच्या मार्गात चुन्याऐवजी सिलिकेटचा खनिज रंग द्या. तो १८७८ पासून वापरात आहे, पुसता येतो आणि भिंतीचा श्वासही कोंडत नाही. साधारण मीटरभर उंचीपर्यंत उभ्या फळ्यांचे आवरण करून त्याला जवसाच्या तेलाचा रंग देणे ही नॉर्डिक घरांतली जुनी रीतही चांगली आहे. मात्र फळ्यांमागे हवा खेळण्याइतकी फट वर-खाली राखा, आणि भिंत अजून सुकत असेल तर हे काम पुढच्या वर्षावर टाका.

जमीन

जुन्या फळ्या असतील तर त्यांच्यावर लॅमिनेट घालू नका. खिळ्यांची डोकी पृष्ठभागाखाली ठोका, ४० क्रमांकाच्या सँडपेपरपासून १०० पर्यंत टप्प्याटप्प्याने घासा आणि मोठ्या फटींत त्याच लाकडाच्या पट्ट्या बसवा. पाइनसारखे मऊ लाकूड पिवळे पडू नये म्हणून त्यावर आधी लाय नावाचे क्षारीय द्रावण देतात आणि नंतर गरम पाण्यात विरघळवलेल्या नैसर्गिक साबणाचे दोनतीन हात देतात. ओकच्या लाकडाला लाय देऊ नका, त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे ते काळवंडते. व्हार्निशपेक्षा साबण मला केव्हाही पसंत आहे, कारण व्हार्निशवर ओरखडा पडला तर सगळी जमीन पुन्हा घासावी लागते, तर साबणाच्या जमिनीवर डाग पडला तर तेवढीच जागा घासून, साबण लावून काम होते. जिथे मुले जमिनीवर खेळतात तिथे हा फरक मोठा आहे. जवसाचे तेल वापरलेत तर त्याची फडकी बोळा करून ठेवू नका; ती आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून पाण्यात भिजवा किंवा बाहेर मोकळी पसरून वाळवा.

खिडक्या, दिवे, सामान

खिडक्यांचे जुने लाकूड दुरुस्त करा, थंडी किंवा आवाज त्रास देत असेल तर आतून दुसरी काच बसवा आणि पडदे पातळ लिननचे ठेवा.

छताच्या मध्यभागी एकच प्रखर दिवा ही निवांतपणाची सर्वात मोठी शत्रू आहे. डॅनिश रचनाकार पोल हेनिंग्सन यांनी १९२० च्या दशकात लुई पोल्सन या कंपनीसाठी एकाखाली एक अनेक झाकणांचा दिवा घडवला तो यासाठीच, की प्रकाश मिळावा पण बल्ब डोळ्यांना दिसू नये. एका खोलीत चारपाच लहान दिवे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीच्या आसपास ठेवा, बल्ब २७०० केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे, आणि रंगनिर्देशांक (वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचे माप) ९० च्या वरचा घ्या.

सामान कमी आणि खऱ्या लाकडाचे असावे. सगळे एकाच संचातले नसावे. फिन्निश वास्तुकार अल्वार आल्तो यांचे १९३३ चे बर्चचे तीन पायांचे स्टूल किंवा डॅनिश रचनाकार हान्स वेगनर यांची १९४९ ची कागदी दोरीने विणलेली खुर्ची जुन्या बाजारात शोधा, पण परवडत नसेल तर कोणत्याही नावाशिवायची घट्ट जोडांची लाकडी खुर्ची तितकीच शोभते. मुलांच्या उंचीवर कोटासाठी खुंट्या, दाराशी बूट काढायला बाक आणि खेळणी दडवायला दारांचे कपाट एवढे असले की घर आवरलेले राहते.

वर्षातून एकदा पन्हळी साफ करा, जमिनीला महिन्यातून एकदा साबणाचे पाणी द्या आणि चुन्याच्या भिंतीला पाचसात वर्षांनी एक पातळ हात द्या. त्यासाठी वापरलेल्या रंगद्रव्याची कोरडी पुडी आणि मिश्रणाचे प्रमाण लिहिलेला कागद एका बरणीत घालून कपाटात ठेवा, म्हणजे तोच रंग पुन्हा जुळवता येईल.