निर्वासित मुलांचे मार्गदर्शक होताना: पहिल्या भेटीआधीची तयारी

पोलीस पडताळणी, संस्थेचे प्रशिक्षण, समन्वयकाचा फोन क्रमांक आणि वेळेवर पोहोचणे यांविषयी मी काही लिहीत नाही. तेवढे करूनच या. ही यादी लिहिण्यामागचे कारण वेगळे आहे. मागच्या वेळी मी सोळा वर्षांच्या एका मुलासोबत नऊ महिने दर मंगळवारी बसले आणि ही सोबत नऊच महिन्यांची आहे, हे त्याला सांगायचे विसरले. करारावर सही करताना मुदत मी वाचली होती. त्यालाही ती कोणीतरी सांगितली असेल, असे मी परस्पर धरून चालले. शेवटच्या मंगळवारी त्याने भूमितीच्या पुस्तकात पुढच्या आठवड्याच्या धड्यापाशी खुणेची चिठ्ठी घातली, तेव्हा कुठे मी तोंड उघडले. त्याने ती चिठ्ठी काढली, घडी करून खिशात ठेवली आणि माझे आभार मानले.

म्हणून यादीतील पहिली बाब शेवटच्या भेटीची तारीख ही आहे. ती पहिल्याच भेटीत सांगावी, दुभाष्याकरवी सांगावी आणि मुलाला वाचता येईल अशा भाषेत कागदावर लिहून द्यावी. ज्याची माणसे न सांगता दुरावली आहेत, त्याच्या बाबतीत ‘ओघाने कळेल’ ही भूमिका चालत नाही.

दुभाष्याची व्यवस्था आधीच पक्की करावी आणि नेमकी भाषा विचारून घ्यावी. कागदावर नुसते ‘कुर्दिश’ लिहिलेले असेल, तर तिच्या दोन मुख्य बोलींपैकी कुर्मांजी की सोरानी हे विचारल्याशिवाय दुभाषा ठरवू नये, कारण एक बोलणाऱ्याला दुसरी समजेलच असे नाही. धाकट्या भावंडाला मध्ये बसवून काम भागवू नये. मोठ्या भावाची भीती आठ वर्षांच्या बहिणीच्या तोंडून ऐकण्यात कोणाचेच हित नाही. दुभाषा त्याच समाजातला असेल, तर त्याच्यासमोर बोलायला मुलाची हरकत नाही ना, हे दुभाषा नसताना समन्वयकाला विचारायला सांगावे.

मुलाची कायदेशीर स्थिती समन्वयकाकडून समजून घ्यावी. निर्वासित म्हणून मान्यता मिळालेला आणि आश्रयाचा अर्ज अजून प्रलंबित असलेला, यांना शिक्षण, काम आणि प्रवास यांबाबत मिळणाऱ्या सवलती बहुतेक ठिकाणी वेगळ्या असतात. १९५१च्या निर्वासितविषयक कराराच्या कलम २२नुसार प्राथमिक शिक्षणात निर्वासितांना देशाच्या नागरिकांसारखीच वागणूक मिळायला हवी, आणि परदेशी शालेय प्रमाणपत्रांच्या मान्यतेचा उल्लेखही त्याच कलमात आहे; दाखल्यावरून शाळेत अडवणूक झाली, तर समन्वयकाशी बोलताना हा आधार हाताशी असावा. मात्र अर्जाबाबत सल्ला स्वतः देऊ नये, त्यासाठी वकील आहेत. मुलाला अठरा वर्षे कधी पूर्ण होतात, हेही टिपून ठेवावे, कारण अल्पवयीन म्हणून मिळणारे संरक्षण आणि मदत त्या दिवशी बदलू शकते. नोंदीत १ जानेवारी ही जन्मतारीख दिसली, तर हुरळून जाऊ नये. नेमकी तारीख ठाऊक नसलेल्यांच्या नावापुढे ती सर्रास लिहिली जाते. मी त्या दिवशी शुभेच्छापत्र घेऊन गेले होते. त्याने ते घेतले आणि आपल्या आईचा व बहिणीचा वाढदिवसही आजच असतो, असे अगदी गंभीरपणे सांगितले.

अभ्यासाबाबत घाई नको. दुसरी भाषा शिकण्याचे अभ्यासक जिम कमिन्स यांच्या मांडणीप्रमाणे रोजच्या बोलण्याची नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण शाळेच्या पुस्तकांतली भाषा यायला पाच ते सात वर्षे लागतात. त्यामुळे अस्खलित गप्पा मारणारा मुलगा विज्ञानाच्या प्रश्नाशी अडला, की तो आळशी आहे असे शिक्षकांनी ठरवण्याआधी मार्गदर्शकाने त्यांच्याशी बोलावे. इथपर्यंत कसा आलास, घरचे कुठे आहेत, हे विचारू नये. त्याने आपण होऊन सांगितले तर ऐकावे, खोदू नये, आणि झोप लागत नाही किंवा जगावेसे वाटत नाही असे काही कानावर आले, तर त्याच दिवशी समन्वयकाला कळवावे; ते गुपित ठेवण्याचे वचन कधीही देऊ नये.

आता पुन्हा तारीख. मुदतीच्या मध्यावर ती एकदा उच्चारावी, शेवटचे सहा आठवडे उरले की दर भेटीत उच्चारावी, आणि ‘बघू, वाढवता येईल कदाचित’ हे वाक्य मुदतवाढ लेखी हातात आल्याशिवाय तोंडातून काढू नये. विषय काढताना अवघडल्यासारखे होते, हे मला मान्य आहे, तरीही काढावा. एखादी भेट चुकणार असेल, तर तेही आधीच्याच आठवड्यात सांगावे.

बाकीचे थोडक्यात. पैसे उसने देऊ नयेत, महागड्या भेटी नकोत. मुलाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकू नये, त्याने हो म्हटले तरी. मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्याचा त्रास होऊ शकतो. वाचनालयाचे सभासदत्व, बसचा पास, खेळाचा गट यांपैकी निदान एक गोष्ट अशी लावून द्यावी, की ती तुमच्याशिवाय चालू राहील. नवा मार्गदर्शक येणार असेल, तर शेवटच्या दोन भेटींत त्याला सोबत न्यावे, आणि त्याच्या मुदतीची शेवटची तारीख त्याच कागदावर, तुमच्या तारखेखाली, त्याच्याच हाताने लिहून घ्यावी.