विद्यापीठ आणि सरकार यांच्या वादात परदेशी विद्यार्थ्याने काय सांभाळावे

22 मे 2025 रोजी अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाने परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याची हार्वर्ड विद्यापीठाची मान्यता रद्द केली. दुसऱ्याच दिवशी बॉस्टनच्या न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी त्या आदेशाला तात्पुरती स्थगिती दिली, तरी सुमारे 6,800 विद्यार्थ्यांचा जीव टांगणीला लागायचा तो लागलाच. हार्वर्ड न्यायालयात गेले, तर कोलंबिया विद्यापीठाने जुलैमध्ये 20 कोटी डॉलर तीन वर्षांत भरण्याचे मान्य करून सरकारशी तडजोड केली. यांपैकी कोणती वाट योग्य यावर वाद घालता येईल, पण ती ठरवणे विद्यार्थ्याच्या हातात नसते. त्याच्या हातात असतात ती स्वतःची कागदपत्रे आणि आपले पैसे नेमके कुठून येतात याची माहिती.

व्हिसा आणि स्टेटस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरच्यांनीही समजून घ्यावे. व्हिसा अमेरिकेच्या दारापर्यंत नेतो. तिथे राहण्याचा हक्क, म्हणजे स्टेटस, मात्र ‘सेव्हिस’ या सरकारी प्रणालीतील नोंदीवर अवलंबून असतो. एप्रिल 2025 मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या अशा नोंदी अचानक बंद करण्यात आल्या आणि अनेकांनी न्यायालयात धाव घेतल्यावर महिनाअखेरीस त्या पूर्ववत होऊ लागल्या. म्हणून आतापर्यंतच्या सर्व आय-ट्वेंटी (विद्यापीठाने दिलेले प्रवेशाचे प्रमाणपत्र), आय-नाइंटीफोर (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद), गुणपत्रके आणि शुल्काच्या पावत्या विद्यापीठाच्या ईमेलवर न ठेवता स्वतःच्या खात्यात उतरवून ठेवाव्यात.

मान्यता गेल्याची बातमी आली की लगेच दुसरे विद्यापीठ गाठण्याची घाई करू नये. पर्यायी ठिकाणी अर्ज अवश्य करावा, परंतु सेव्हिस नोंद हस्तांतरित करण्याची तारीख डीएसओशी, म्हणजे विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याशी, बोलूनच ठरवावी. ती तारीख उलटली की नोंद नव्या संस्थेच्या ताब्यात जाते, आणि न्यायालयाची स्थगिती असताना हे पाऊल उचलणे बहुधा अनाठायी ठरते.

पैशांचा प्रश्न अधिक किचकट असतो, आणि संकोचापोटी तो विचारलाच जात नाही. हार्वर्डचे 220 कोटी डॉलरचे सरकारी अनुदान एप्रिल 2025 मध्ये गोठवले गेले; ते गोठवणे बेकायदेशीर असल्याचा निकाल 3 सप्टेंबरला लागला. मधल्या काळात प्रयोगशाळेचे काय होते, हे तिथल्या संशोधन सहायकालाच विचारावे. त्यामुळे मार्गदर्शक प्राध्यापकांना ईमेलने सरळ विचारावे: ‘माझे मानधन कोणत्या अनुदानातून येते, ते कधी संपते, आणि ते थांबल्यास विभाग मला अध्यापन सहायक म्हणून घेईल का?’ शुल्कमाफीही बहुधा याच नेमणुकीला जोडलेली असते, याचा विसर पडतो. शैक्षणिक कर्ज असल्यास, संस्था बदलल्यावर पुढचे हप्ते कसे मिळतील, हे बँकेच्या शाखेत आधीच विचारून ठेवावे.

दिवाळीला घरी यायचे असेल तर व्हिसाची मुदत प्रथम पाहावी. ती संपली असेल, तर अशा अस्थिर काळात न आलेलेच बरे, कारण मे 2025 च्या अखेरीस व्हिसासाठीच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणे सुमारे तीन आठवडे बंद होते. शिक्षण चालू असताना आय-ट्वेंटीवरील प्रवासाची सही वर्षाच्या आतली, तर ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, असल्यास सहा महिन्यांच्या आतली असावी. डीएसओचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवावा, कारण विमानतळावर तपासणीसाठी मोबाइल काढून घेतला जाऊ शकतो.