क्लासिकल गिटार वाजवताय? उजव्या हाताच्या या चुका टाळा

वेग वाढत नाही, तार खडखडते, सूर पातळ येतो. अशा तक्रारी घेऊन येणारे बहुतेक जण डाव्या हाताचे व्यायाम मागतात. दोष मात्र बऱ्याचदा उजव्या हातात निघतो. डाव्या हाताची चूक लगेच बेसूर वाजते, म्हणून ती पकडली जाते. उजव्या हाताची चूक सवय होईपर्यंत कुणाला दिसतच नाही.

एकच बोट लागोपाठ वापरणं

स्केल वाजवताना तर्जनी आणि मध्यमा आळीपाळीने चालल्या पाहिजेत, हे सगळ्यांना पाठ असतं. चढताना ते जमतंही. बिघडतं ते उतरताना. आपोयांदो या छेडण्याच्या पद्धतीत तार छेडून बोट शेजारच्या जाड तारेवर टेकतं. म्हणजे पहिल्या तारेवरचा शेवटचा सूर तर्जनीने वाजवला की ती आयतीच दुसऱ्या तारेवर येऊन बसते. पुढचा सूर तिथलाच असतो. पाळी मध्यमेची, पण आधीच बसलेली तर्जनी तो वाजवून मोकळी होते. हळू वाजवताना कानाला काही कळत नाही. वेग वाढवला की नेमकं तार बदलताना अडखळायला होतं, आणि मग सगळे डाव्या हाताच्या मागे लागतात.

यावर मी देतो तो उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. डावा हात मांडीवर ठेवा. मोकळ्या पहिल्या तारेवर तीन आघात, दुसरीवर तीन, तिसरीवर तीन, आणि तसेच परत. तीन हा विषम आकडा असल्यामुळे प्रत्येक तारेवर सुरुवातीचं बोट बदलतं, चूक लपायला जागा राहत नाही. तोंडाने 'आय, एम, आय, एम' (आय म्हणजे तर्जनी, एम म्हणजे मध्यमा) म्हणत राहा. एक फेरी तर्जनीने सुरू करा, पुढची मध्यमेने. फोनवर स्लो मोशनमध्ये बोटांचा व्हिडिओ काढून बघा. मेट्रोनोमवर (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर हे बिनचूक होत नसेल तर 120 वर ते आपोआप सुधारणार नाही. 'एकदा स्पीड आला की बोटं बघू' म्हणणाऱ्यांची बोटं पुढे सुधारलेली मी पाहिलेली नाहीत.

तार बाहेर उपटणं

बोट तारेखाली अडकवून वर ओढलं की तार फ्रेटबोर्डच्या दिशेने वरखाली हलते आणि फ्रेटवर, म्हणजे तिथल्या धातूच्या पट्ट्यांवर, आपटते. माझ्याकडे शिकायला आलेल्या एकाची गिटार जाड तारांवर सतत खडखडायची. त्याने ती दुरुस्तीला नेली. 'जरा वाजवून दाखव' असं तिथे कुणी म्हटलं नाही, उंच सॅडल (तारा जिच्यावर टेकतात ती खालची पट्टी) बसवून तारा वर उचलून दिल्या. खडखड थोडी कमी झाली, पण बारे (एका बोटाने अनेक तारा दाबणं) धरताना त्याचा डावा अंगठा दुखायला लागला. आम्ही जुनी सॅडल परत बसवली. मी वाजवलं, आवाज स्वच्छ. मग त्याला वाजवायला सांगितलं आणि फक्त त्याच्या मनगटाकडे पाहत राहिलो. प्रत्येक आघाताला पंजा उसळत होता.

उपाय असा: आधी बोटाचं टोक तारेवर टेकवा, क्षणभर थांबा, तार साउंडबोर्डकडे, म्हणजे गिटारच्या पुढच्या लाकडी फळीकडे, किंचित दाबा आणि मग सोडा. छेडल्यावर बोट तळहाताच्या दिशेने आत जाऊ द्या. हालचाल बोटाच्या मुळाच्या सांध्यातून हवी, नुसत्या टोकातून नाही. पंजा जागचा हलता कामा नये. हे सगळं सावकाशच करायचं, त्याला पर्याय नाही. त्या मुलाला जुन्याच सॅडलवर आधीपेक्षा मोठा आणि भरीव आवाज मिळाला.

ही सवय मोडण्यासाठी मी गिटारवादक-संगीतकार जुलियानीचे 1812 साली छापलेले उजव्या हाताचे 120 अभ्यास देतो. त्यात डाव्या हाताला बहुतेक सी आणि जी सेव्हन एवढेच कॉर्ड असल्यामुळे सगळं लक्ष उजवीकडे राहतं. लोकांना ते रुक्ष वाटतात आणि दोन पानांत सोडून देतात. त्यांनी ते सोडू नयेत असं मला कळकळीने वाटतं.

आणखी काही

नखं: जुन्या काळातले नावाजलेले गिटारवादक सोर नखांशिवाय वाजवत, आग्वादो नखांनी, तेव्हा दोन्ही चालतं. नखं ठेवलीत तर तळहात डोळ्यांसमोर धरल्यावर बोटाच्या मांसावर एक-दोन मिलिमीटर दिसतील एवढीच ठेवा. तार आधी मांसाला लागून मग नखावरून सुटली पाहिजे. नेलकटरने कापून तसंच वाजवायला बसू नका. बारीक पॉलिश पेपरने कड इतकी गुळगुळीत करा की ती कुठेही अडकणार नाही.

करंगळी साउंडबोर्डवर रोवू नका, त्याने अनामिका जखडते.

अंगठा तळहातात दुमडू नका. तो तर्जनीच्या पुढे, डावीकडे राहिला पाहिजे.

मनगट फार वाकवू नका. दुखलं तर थांबा, बोटं बधिर होत असतील तर डॉक्टरांकडे जा. दुखणं अंगावर काढून वाजवण्यात शौर्य नाही.

ट्रेमोलो (एकच सूर बोटांनी भराभर पुन्हा पुन्हा छेडणं) पहिल्या वर्षात मागू नका. पुढे सुरू कराल तेव्हा पी, ए, एम, आय (अंगठा, अनामिका, मध्यमा, तर्जनी) हे चारही आघात सारख्या अंतराने आणि सारख्या जोराने येईपर्यंत मेट्रोनोमला हात लावू नका. आधी अंगठा दुसऱ्या तारेवर ठेवून बाकीची बोटं पहिल्या तारेवर चालवा, आणि अंगठ्यानंतर येणारी अनामिका उशिरा पडत नाही ना, तेवढंच ऐका.