नगरपरिषदेचा कर निर्धारण अधिकारी: परीक्षेपासून हरकतीच्या सुनावणीपर्यंत

घरपट्टीचे बिल घेऊन दारात येणारा माणूस सगळ्यांच्या ओळखीचा असतो. त्या बिलावरचा आकडा कुणी आणि कसा काढला, हे मात्र आकडा वाढेपर्यंत कुणी विचारत नाही. आकडा काढणे म्हणजे आकारणी आणि पैसे आणणे म्हणजे वसुली. लहान नगरपरिषदेत दोन्ही कामे एकाच टेबलावर येतात, त्यामुळे नव्याने रुजू झालेला माणूसही स्वतःला वसुलीवालाच समजू लागतो. मार्च महिन्यात तसे वाटणे साहजिक आहे. पण या पदाचा कस लागतो तो आकारणीत, म्हणून इथे भर तिच्यावरच आहे. माहिती महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा व नगरपंचायतींपुरती आहे. महानगरपालिकांचे कायदे आणि भरती वेगळी असते.

पायरी १: पात्रता आणि भरती

‘महाराष्ट्र नगरपरिषद कर निर्धारण व प्रशासकीय सेवा’ हा राज्यस्तरीय संवर्ग (म्हणजे एकाच प्रकारच्या पदांचा गट) आहे आणि त्याची भरती नगरपरिषद प्रशासन संचालनालय करते. कोणत्याही शाखेची पदवी चालते. वाणिज्य किंवा कायद्याचीच हवी असे नाही. त्याशिवाय संगणकाचे प्रमाणपत्र (एमएस-सीआयटी किंवा समकक्ष) आणि मराठीचे ज्ञान लागते. २०२३ च्या जाहिरातीत सगळ्या संवर्गांच्या मिळून १,७८२ जागा होत्या, त्यांपैकी ५७९ एकट्या याच संवर्गाच्या. संवर्ग राज्यस्तरीय असल्याने बदली आपल्या जिल्ह्याबाहेरही होऊ शकते, हे अर्ज भरण्याआधीच घरी सांगून ठेवा.

पायरी २: कायदा मराठीत वाचा

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. अख्खा पाठ करण्याची गरज नाही. कलम १०५ मध्ये कोणते कर लावायचे ते आहे. ११३ पासून पुढे मूल्यनिर्धारण, आकारणी यादी, नोटीस आणि हरकती येतात. १६९ पासून अपील. एवढा भाग पेन्सिलीने खुणा करत दोनदा वाचला, तर परीक्षेलाही उपयोग होतो आणि नोकरीत तर रोजच होतो.

वाचताना एक गोष्ट ध्यानात येईल. आकारणी यादीची कायदेशीर जबाबदारी मुख्याधिकाऱ्यांची असते आणि मूल्य ठरवण्याचे अंतिम काम ‘प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी’ करतात. ते नगररचना व मूल्यनिर्धारण विभागाचे असतात. म्हणजे कर निर्धारण अधिकारी जी यादी तयार करतो, ती दुसरा अधिकारी तपासणार, हे गृहीतच आहे. आपल्या कच्च्या कागदावर दुसऱ्या कुणाला तरी विश्वास ठेवता आला पाहिजे, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

पायरी ३: मोजणी

आधी कच्चा नकाशा काढा, मग टेप लावा. उलट केले की एखादी खोली सुटतेच. प्रत्येक मजल्याची नोंद वेगळी हवी: लांबी, रुंदी, बांधकामाचा प्रकार (आरसीसी, भिंतींवर भार पेलणारे लोडबेअरिंग, पत्र्याचे, मातीचे), बांधकामाचे वर्ष आणि वापर. मोजमाप आतून घेतले की बाहेरून, तेही तिथेच लिहा. नगरपरिषदेचे दर ज्या क्षेत्रफळावर ठरले आहेत तेच मोजायचे. चटई क्षेत्राचा (भिंती सोडून आतल्या जागेचा) दर बांधीव क्षेत्राला (भिंतींसकट जागेला) लावला, तर भिंतींचाही कर लागतो.

फूटभराची चूक किरकोळ वाटते. २० बाय ३० फुटांची जागा ६०० चौरस फूट होते, २१ बाय ३० लिहिली की ६३०. आकारणी पाच टक्क्यांनी वाढली, आणि पुढची फेरआकारणी होईपर्यंत ती तशीच राहणार. ही फेरआकारणी चार वर्षांनी होते, म्हणून कार्यालयात तिला ‘चतुर्थ वार्षिक’ म्हणतात.

वापराची नोंद करताना सर्वांत जास्त वाद होतात. पुढच्या खोलीत दुकान आणि मागे घर असेल, तर अख्खी इमारत व्यावसायिक धरू नका. जेवढ्या जागेत दुकान, तेवढीच बिगरनिवासी. शेवटी भोगवटादाराची सही घ्या. नकार दिला, तर ‘सही देण्यास नकार’ असा शेरा, तारीख आणि वेळ लिहा. कुलूप असलेले घर अंदाजाने मोजून वहीत ‘प्रत्यक्ष पाहिले’ लिहिणे हा या कामातला सर्वांत जुना आणि सर्वांत महागात पडणारा शॉर्टकट आहे.

पायरी ४: आकडा काढा

बहुतेक ठिकाणी करयोग्य मूल्याची पद्धत आहे. मालमत्ता भाड्याने दिली, तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल ते काढायचे, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे आणि उरलेल्या रकमेवर कर लावायचा. समजा ५० चौरस मीटर जागा आहे आणि वार्षिक दर चौरस मीटरला २०० रुपये धरला. भाडेमूल्य १०,००० रुपये, करयोग्य मूल्य ९,००० रुपये. कराचा दर २५ टक्के मानला, तर कर २,२५० रुपये. (दर फक्त उदाहरणासाठी आहेत. खरे दर त्या त्या नगरपरिषदेचे पाहावेत.) त्यात शिक्षण कर, वृक्ष कर वगैरे भर पडते. रोजगार हमी कर बिगरनिवासी जागेलाच लागतो. तो चुकून घराच्या बिलात आला की दुसऱ्या दिवशी काउंटरवर रांग लागते.

सूट कुणाला, तेही याच वेळी तपासा. केंद्र सरकारच्या मालमत्तेवर राज्यघटनेच्या अनुच्छेद २८५ मुळे कर लावता येत नाही.

मोजणीच्या दिवशी जे आहे, त्याचेच मूल्य काढायचे. मुंबईत १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर (भाड्याऐवजी मालमत्तेच्या बाजारमूल्यावर) आधारित कर आला आणि नियमांनी मोकळ्या जमिनीवर पुढे किती बांधकाम होऊ शकेल तेही धरले. उच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. पद्धत वेगळी असली, तरी नगरपरिषदेतल्या माणसाने हा निकाल जरूर वाचावा.

पायरी ५: नोटीस, हरकत, सुनावणी

कच्ची यादी झाली की कलम ११९ ची जाहीर नोटीस निघते आणि हरकतींसाठी किमान तीस दिवस मिळतात. ज्यांची आकारणी पहिल्यांदाच झाली किंवा वाढली, त्यांना वेगळी लेखी नोटीस द्यावी लागते. तिची पोच सांभाळून ठेवा. ‘नोटीसच मिळाली नाही’ या एका वाक्यापुढे बिनचूक हिशेबही टिकत नाही.

सुनावणीत लोक बहुधा आकड्याबद्दल बोलत नाहीत, शेजाऱ्याबद्दल बोलतात: ‘त्याचं घर मोठं, मग त्याला कमी कसं?’ अशा वेळी दोन्ही मालमत्तांची मोजणीपत्रके काढून शेजारी शेजारी ठेवावीत. फरक बांधकामाच्या प्रकाराचा किंवा वर्षाचा असेल तर तो तिथेच दिसतो, आणि चूक आपली असेल तर तीही दिसते. मग ती मान्य करून दुरुस्तीची शिफारस करावी. निर्णय पटला नाही, तर कलम १६९ खालच्या मालमत्ता कर अपील समितीकडे जाता येते, हेही आपणच सांगावे.

आणखी एक प्रश्न हमखास येतो: ‘घरपट्टी माझ्या नावावर आहे, म्हणजे घर माझं ना?’ नाही. आकारणी यादीतली नोंद मालकीचा पुरावा ठरत नाही. विनापरवाना बांधकामावर कर आणि शास्ती (दंडाची रक्कम) लावली, तरी ते बांधकाम नियमित होत नाही. नोटिशीत हे स्पष्ट शब्दांत छापून घ्या.

पायरी ६: नोंदवही

सुनावणीत आकडा कमी झाला, पण मागणी नोंदवहीत आणि संगणकात जुनाच राहिला, असे वारंवार घडते. मग त्या माणसाला जुन्याच रकमेचे बिल जाते आणि न भरलेल्या फरकावर दरमहा दोन टक्के शास्ती चढत राहते. म्हणून आदेशावर सही झाली त्याच दिवशी मालमत्ता क्रमांक काढून दोन्हीकडे दुरुस्ती करावी आणि आदेशाची प्रत त्याच फाइलला लावावी.