ल्युब्लियानाच्या धुक्यातून वर कसं निघावं

नोव्हेंबर ते जानेवारीत स्लोव्हेनियाच्या राजधानीला, ल्युब्लियानाला, येणाऱ्याला सगळे एकच सांगतात: हवा वाईट आहे, संग्रहालयं बघा. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. शहर धुक्यात बुडालेलं असतं तेव्हा डोंगरावर अनेकदा लख्ख ऊन असतं.

आधी नकाशा उघडा. ल्युब्लियाना ज्यात येतं तो मध्य स्लोव्हेनिया हा देशाच्या १२ सांख्यिकी विभागांपैकी एक. शहर सुमारे ३०० मीटर उंचीवर, खोलगट भागात. दक्षिणेला बार्येची दलदल, उत्तरेला २,५०० मीटरांवर जाणारी कामनिक-साविन्या आल्प्सची शिखरं. अशा विभागाचं सरासरी तापमान घेऊन करणार काय?

आता खरी अडचण: धुक्याचा माथा किती उंचीवर आहे?

वर जावं तशी थंडी वाढते, हे आपण शाळेत शिकलो. इथे हिवाळ्यात वारा पडला की ते उलटं होतं. थंड, जड हवा तळाशी साचते, तिच्यात धुकं धरतं आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. मी पहिल्या वर्षी फोनवरचं शहराचं तापमान बघून शहराजवळची श्मार्ना गोरा ही टेकडी चढलो. उंची ६६९ मीटर. माथ्यावरही धुकंच, घामाने भिजलेलो, त्यात गारठलो.

तेव्हापासून मी स्लोव्हेनियाच्या पर्यावरण संस्थेच्या संकेतस्थळावर दोन हवामान केंद्रं शेजारी ठेवून बघतो: ल्युब्लियाना आणि डोंगरात सुमारे १,७४० मीटरांवरचं कर्वावेत्स. वरचं तापमान जास्त असेल तर झाकण बसलंय. पण तेवढ्यावर निघू नका, वरची आर्द्रता बघा. ती खूप उतरलेली असेल, तर कर्वावेत्स कोरड्या हवेत आहे. दोन्हीकडे आर्द्रता शंभराजवळ असेल, तर तो पावसाळी ढग असू शकतो. त्या दिवशी चढू नका.

मग डोंगरावरच्या कॅमेऱ्यांची थेट चित्रं बघा. धुक्याच्या समुद्रातून श्मार्ना गोरा डोकावत असेल तर तीच चढा. ती बुडालेली आणि १,१०७ मीटरांचा क्रिम उघडा असेल तर क्रिम. दोन्ही दिसत नसतील तर सरळ त्याहून उंच वेलिका प्लानिना पठार. हा अंदाज निघायच्या अर्धा तास आधी पुन्हा घ्या, आदल्या रात्रीचा धरू नका.

वेलिका प्लानिनाला कामनिकहून पुढे जाऊन केबलकार मिळते; ती चालू आहे ना, एवढं बघून घ्या.

वर उन्हात जाकीट काढाल. उतरताना धुक्यात शिरण्याआधी ते परत चढवा, आत गेल्यावर नाही.