ॲनाटॉमी पाठ करताना या चुका टाळा

मेडिकल फर्स्ट इयरच्या मुलांबरोबर अभ्यासाला बसलं की दर बॅचला तीच चूक दिसते, निमॉनिक, म्हणजे आद्याक्षरांवरून नावं आठवायचं वाक्य, आधी आणि हाड नंतर. माझं स्पष्ट मत आहे, हाड हातात घेतल्याशिवाय निमॉनिक पाठ करूच नका.

नाशिकला गंगापूर रोडला आम्ही रूम करून राहायचो तेव्हाची गोष्ट. मनगटाची 8 हाडं माझ्या रूममेटला 'शी लुक्स टू प्रिटी, ट्राय टू कॅच हर' वरून झोपेतसुद्धा यायची, स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म, सगळी. वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सरांनी हाताचा सांगाडा पालथा ठेवला आणि म्हणाले, अंगठ्याकडून नावं सांग. आता पालथ्या हातात पिसिफॉर्म दिसत नाही, ते तळव्याच्या बाजूने ट्रायक्वेट्रलवर बसलेलं असतं. हिने पहिली तीन बरोबर सांगितली, चौथं पिसिफॉर्म म्हणून ट्रॅपेझियमवर बोट ठेवलं आणि तिथून सगळी नावं एकेक घर पुढे सरकली, शेवटी हॅमेट म्हणायला हाडच उरलं नाही. रडत बाहेर आली, आणि अभ्यास तिचा माझ्यापेक्षा जास्त झाला होता हो.

तेव्हापासून मी आधी स्वतःचं मनगट चाचपते. करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या घडीपाशी वाटाण्याएवढं टणक लागतं ते पिसिफॉर्म. ट्रॅपेझियम आणि ट्रॅपेझॉइड या दोन 'ट्रॅप'मध्ये गोंधळ होतो त्यांनी एवढंच धरा, अंगठ्याच्या मुळाशी ट्रॅपेझियम.

दुसरी चूक, ओळखीच्या जागी एकेक गोष्ट मनाने ठेवून पाठ करायची युक्ती वापरताना व्हिडिओतला कुणाचातरी बंगला आठवून त्यात नर्व्ह ठेवत बसणं. अरे, ज्या घरात कधी गेला नाहीत तिथे वस्तू कशी सापडेल? रोजचा रस्ता घ्या. माझा ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नर्व्हचं जाळं, असा आहे: सीबीएसला, म्हणजे बस स्टँडला, 5 बस, चारांवर 'सी' 5 ते 8 आणि एकीवर 'टी1', या रूट्स. मेहेरला 3 ट्रंक, अशोक स्तंभाला 6 डिव्हिजन, रविवार कारंजाला 3 कॉर्ड, होळकर पुलावर 5 मोठ्या नर्व्ह. पण त्याच रस्त्यावर लगेच दुसरा टॉपिक टाकू नका, जुनी चित्रं मध्ये येतात.

पुस्तक उघडं ठेवून डायग्राम काढणं म्हणजे नुसती नक्कल, बंद करून काढा.

आणि पार्ट एंडिंगच्या, म्हणजे एक भाग शिकवून झाल्यावरच्या परीक्षेच्या, आदल्या रात्री नवीन निमॉनिक शोधत बसू नका, मी तरी बसत नाही, मनातल्या मनात होळकर पुलावरून उलटी सीबीएसपर्यंत येते आणि झोपते.