सामूहिक पत्त्यावरचा स्पॅम आणि गाळणीची शिकवणी

संस्थेच्या सामूहिक पत्त्यावर आलेला एक स्पॅम मेल एका झटक्यात सगळ्या सभासदांकडे जातो आणि दुसऱ्या दिवशी जाब विचारला जातो तो पत्ता सांभाळणाऱ्याला. ज्यांचा मेल सर्व्हर स्वतःचा आहे आणि त्यावर स्पॅमअसॅसिन ही स्पॅम ओळखणारी गाळणी बसवून झालेली आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

स्पॅमअसॅसिन प्रत्येक मेलला निरनिराळ्या कसोट्यांवर गुण देते आणि बेरीज ५ झाली की मेल स्पॅम ठरवते. ही मर्यादा ३ वर आणण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. वर्गणीची आठवण करून देणाऱ्या मेलमध्ये बँक खाते, रक्कम आणि ‘त्वरित भरावी’ हे तिन्ही असते, त्यामुळे असा मेल ३ च्या आसपास सहज पोहोचतो.

काळ्या याद्यांच्या (स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरांच्या याद्यांच्या) चौकशीसाठी सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर (इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते शोधून देणारा प्रोग्राम) चालवावा, कारण गुगलसारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत विचारल्यास अशा याद्या चालवणारी स्पॅमहाउस ही संस्था उत्तर नाकारते. भाषेची सेटिंग मूळची ‘सर्व’ आहे, ती तशीच ठेवावी. तिथे केवळ इंग्रजी ठेवून भाषा ओळखणारे प्लगिन सुरू केले, तर आपलेच मराठी मेल ‘नको असलेल्या भाषेतले’ ठरून गुण खाऊ लागतात.

आता शिकवणी. स्पॅमअसॅसिनचा बेज हा भाग शब्दांच्या संभाव्यतेवर चालतो आणि त्याला किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल दाखवल्याशिवाय तो तोंडच उघडत नाही. दोन्ही बाजू भराव्या लागतात. नुसता स्पॅम दाखवत राहणाऱ्यांची गाळणी महिनोन्महिने मुकी राहते आणि ते दोष सॉफ्टवेअरला देतात.

मी मात्र दोन्ही बाजू नेमाने भरल्या होत्या, तरीही तीन आठवडे काही फरक पडला नाही. मेलच्या शीर्षभागातल्या ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ या ओळीत लागू झालेल्या कसोट्यांची नावे येतात. त्यांत ‘बेज’ने सुरू होणारे एकही नाव नव्हते. कारण कळले तेव्हा स्वतःचाच राग आला. एसए-लर्न ही शिकवणीची आज्ञा मी रूट (सर्व्हरचे सर्वाधिकारी खाते) म्हणून चालवत होतो, त्यामुळे सगळी शिकवणी रूटच्या घरच्या फोल्डरमध्ये साठत होती. मेल तपासणारी प्रक्रिया मात्र अमाविस या वेगळ्या खात्याने चालत होती आणि ती स्वतःचीच वही उघडत होती. त्या वहीत आपोआप टिपलेले मोजके मेल सोडले तर काही नव्हते. म्हणून आधी तपासणी कोणत्या खात्याने चालते ते पाहावे, त्याच खात्याने शिकवावे आणि त्याच खात्याने एसए-लर्नला ‘डंप मॅजिक’ हा पर्याय देऊन स्पॅम आणि चांगल्या मेलचे आकडे वाचावेत. शिकवल्यावर आकडा हलला नाही, तर पुढे एकही मेल शिकवू नये.

दुसरी चूकही माझीच. चांगले मेल हवेत म्हणून मी सभासदांना गेलेल्या मेलचा जुना साठा उचलला. त्या प्रत्येक मेलच्या तळाशी आपण जोडलेली ‘सदस्यत्व रद्द करण्यासाठी’ ही ओळ होती आणि विषयाच्या आधी कंसात संस्थेचे नाव. गाळणीने तेवढेच चोख पाठ केले. आणि जाहिरातबाज स्पॅमच्या तळाशी नेमकी तशीच ओळ असते. शिकवायचा मेल सर्व्हरवर आला त्याच मूळ रूपात, आपली कोणतीही भर पडण्याआधीचा असावा. सभासदांना ‘स्पॅम दिसला तर आम्हाला फॉरवर्ड करा’ असेही सांगू नये, कारण फॉरवर्ड केलेल्या मेलचा शीर्षभाग त्या सभासदाचा असतो आणि गाळणी त्यालाच संशयित समजू लागते. चांगल्या मेलमध्ये इतिवृत्त, श्रद्धांजली, वर्गणीच्या आठवणी आणि रोमन लिपीत लिहिलेले मराठी, असे सगळे असू द्यावे. नुसती सभेची निमंत्रणे दाखवली तर गाळणीला निमंत्रणेच तेवढी ओळखू येतात.

स्पॅम ठरलेला मेल अडवून ठेवावा, पाठवणाऱ्याला परत मात्र धाडू नये. स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो, त्यामुळे आपला नकार भलत्याच माणसाच्या पेटीत जाऊन पडतो आणि तशा तक्रारींवरून आपलाच सर्व्हर काळ्या यादीत जाण्याची वेळ येते. सभासद नसलेल्यांचे मेलही आपोआप पुढे न पाठवता अडवावेत.

अडवलेले मेल रोज एकदा चाळावेत. चुकून अडकलेला मेल सोडताना तो ‘चांगला’ म्हणून शिकवावा. तो आधी स्पॅम म्हणून शिकवला गेला असेल, तर एसए-लर्न जुनी नोंद स्वतःच पुसते.